शाळेचा पत्ता आणि शिष्यवृत्तीचा हक्क

विद्या कोणत्या गावच्या शाळेत मिळाली यावरून तिचे मोल ठरत नाही, ही गोष्ट तोंडाने आपण सर्वच मान्य करतो. भूमितीतील प्रमेय सुरतेत शिकले म्हणून निराळे होत नाही आणि मस्कतमध्ये शिकले म्हणून खोटे ठरत नाही. परंतु शालान्त परीक्षा संपवून मुलगा महाविद्यालयाच्या दाराशी उभा राहिला आणि फी भरण्यासाठी त्याने सरकारी साहाय्य मागितले, की 'तू किती शिकलास?' आणि 'तुझ्या घरी किती आहे?' या दोन रास्त प्रश्नांच्या मागोमाग तिसरा एक प्रश्न पुढे येतो: 'तू शिकलास कोठे?' या तिसऱ्या प्रश्नाविषयी यंदाच्या वार्षिकात चार शब्द लिहावेत असे वाटले; कारण तो प्रश्न आपल्या शाळेइतका दुसऱ्या कोणत्या शाळेला जवळचा असेल, असे मला वाटत नाही.

आपल्या हजेरीपटावर नुसती नजर फिरविली तरी याची खात्री पटेल. धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून पोटासाठी सुरतेस आलेली कुटुंबे लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांत वर्षानुवर्षे नांदत आहेत. वडील यंत्रमागावर किंवा हिऱ्याच्या घंटीवर, आई घरी साड्यांना लेस लावीत बसलेली. मुलगा घरी अहिराणी बोलतो, शाळेत मराठी वाचतो आणि बाजारात गुजरातीत हिशेब करतो. काही थोडी मुले त्याहूनही लांबून येतात. बाप दुबईस किंवा मस्कतला कामास असतो, कंत्राट संपते, आणि तेथल्या शाळेत आठवी-नववीपर्यंत शिकलेले मूल आजीच्या घरी परत येते. पहिल्याची शाळा परराज्यात, दुसऱ्याची परदेशात. पण अर्जाचा कागद हाती आला की दोघेही एकाच पंगतीला बसतात. 'आमच्याकडचा की बाहेरचा?' या रकान्यापाशी दोघांचीही लेखणी अडते.

आता हा 'बाहेर' म्हणजे तरी काय, ते पाहू. तापी नदी मध्य प्रदेशातील मुलताईजवळ उगम पावते, खानदेशातून वाहत येते आणि सुरतेजवळ समुद्राला मिळते. तिच्या पाण्याला राज्याची सीमा ठाऊक नाही. १ मे १९६० पूर्वी ती सीमा माणसांनाही ठाऊक नव्हती. सुरत आणि धुळे हे दोन्ही जिल्हे त्या वेळी मुंबई राज्यातच होते. त्या दिवशी महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये झाली, ते योग्यच झाले. भाषेच्या राज्यात भाषेचे शिक्षण फुलते. परंतु सीमा आखली गेली म्हणून आजोळ तुटत नाही, आणि पोटामागे धावणारा मजूर सीमेवर थांबत नाही. ज्या मुलाचे आजोबा एका राज्याचे रहिवासी होते, त्याचा नातू दोन राज्यांच्या मध्ये उभा राहून विचारतो, 'मी कोणाचा?'

माझी मातृभाषा कोंकणी. आमच्याकडील वडीलधाऱ्या मंडळींनी हा प्रश्न याहून तीव्र स्वरूपात अनुभवला होता. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोवा, दमण आणि दीव येथे पोर्तुगीजांचे राज्य होते. पणजीत वैद्यकशाळा १८४२ पासून आणि लिसेव ही माध्यमिक शाळा १८५४ पासून होती. परंतु कला-विज्ञानाचे सर्वसाधारण महाविद्यालय गोव्यात नव्हते. पुढे शिकावयाचे तर मुंबईची किंवा पुण्याची वाट धरावी लागे, आणि ती वाट भूगोलाने जवळची असली तरी कायद्याने दुसऱ्या देशात जाणारी होती. धेंपे आणि चौगुले ही महाविद्यालये १९६२ साली निघाली आणि गोवा विद्यापीठ तर १९८५ साली स्थापन झाले. तेव्हा १९६१ च्या उन्हाळ्यात पणजीस किंवा आपल्या शेजारच्या दमणला शाळा संपविणारा मुलगा घ्या. त्याची सारी शाळा परकीय झेंड्याखाली झाली होती. पण १९६२ साली भारत सरकारने नागरिकत्वाचा आदेश काढला, त्यात कोणाला त्याच्या शाळेचे नाव विचारले नाही. ज्याचा स्वतःचा, आईबापांपैकी एकाचा किंवा आजीआजोबांपैकी कोणाचाही जन्म २० डिसेंबर १९६१ पूर्वी त्या प्रदेशात झाला होता, तो त्या दिवसापासून भारताचा नागरिक मानला गेला. राष्ट्राने माणूस ओळखला तो त्याच्या घरावरून, त्याच्या शाळेवरून नव्हे. एवढी उदार आणि सोपी कसोटी आपल्या देशाने एकदा लावली आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

साहाय्य देताना काय विचारावे, याचा धडा तर आपल्याला त्याहून जवळ, बडोद्यास मिळतो. सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना प्रथम मुंबईच्या महाविद्यालयीन शिक्षणासाठी दरमहा २५ रुपये आणि नंतर १९१३ साली अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड दिले. आंबेडकरांचा जन्म महूचा, शाळा सातारा आणि मुंबई येथील. बडोदे संस्थानच्या एकाही शाळेत ते शिकलेले नव्हते. महाराजांनी अट घातली ती पुढची: शिक्षण झाल्यावर दहा वर्षे संस्थानाची सेवा करावी. धर्मानंद कोसंबींची गोष्ट याहून बोलकी आहे. ते गोव्यातील साखवाळचे, म्हणजे त्या काळच्या हिशेबाने परराज्याचेच. शाळेचे शिक्षण फार थोडे; पालीचे अध्ययन सिंहलद्वीपात जाऊन केलेले. त्यांना सयाजीरावांनी दरमहा ५० रुपये देऊ केले, ते महाराष्ट्रातील एखाद्या शहरी राहून वर्षाला एक पुस्तक लिहावे एवढ्या बोलीवर. धर्मानंदांचे पुत्र दामोदर यांचे शालेय शिक्षण अमेरिकेतील केंब्रिज नगरात झाले आणि १९२९ साली ते हार्वर्डचे पदवीधर झाले. पण त्यांची विद्या पुढे कामी आली ती पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्यांना आणि भारतीय इतिहासाच्या अभ्यासाला. परदेशी शाळेत शिकल्याने माणूस परका होतो, असे म्हणणाऱ्याने या एका नावाचा विचार करावा.

बडोद्याचा पैसा बडोद्याच्या रयतेचा होता. तरीही तो देताना विचारले गेले ते 'तू कोणत्या वर्गात बसलास?' असे नसून 'तू पुढे काय देशील?' असे होते. ही दृष्टी राजाची होती म्हणून सुटली आणि लोकराज्यात आपण ती हरवली, असे होऊ नये.

तथापि न्याय दोन्ही बाजूंनी केला पाहिजे. शाळेचा पत्ता विचारणारे सर्वच लोक कोत्या मनाचे असतात असे मुळीच नाही. राज्य सरकार शिक्षणावर जो खर्च करते तो त्या राज्यातील लोकांच्या करातून होतो, आणि त्यांच्या मुलांना आधी वाटा मिळावा ही अपेक्षा स्वाभाविक आहे. हा वाद स्वतंत्र भारताइतकाच जुना आहे. त्या वेळच्या मध्यभारत राज्यातील इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात राज्याबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून जादा शुल्क घेतले जाई. त्याविरुद्ध दिल्लीच्या एका विद्यार्थ्याने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९५५ साली न्यायालयाने बहुमताने निर्णय दिला की राज्यघटना जन्मस्थानावरून भेद करण्यास मनाई करते. वास्तव्यावरून सवलत देणे ही निराळी गोष्ट आहे, आणि आपल्या रहिवाशांना ती देण्यात राज्याचा रास्त हेतू असू शकतो. जो येथे राहणार तो येथेच वैद्यकी करण्याचा संभव अधिक, असा त्यामागील विचार. पुढे १९८४ साली त्याच न्यायालयाने याची दुसरी बाजूही स्पष्ट केली. भारतात प्रत्येक राज्याचा वेगळा अधिवास नाही. अधिवास एकच, तो भारताचा. आणि सर्वच्या सर्व जागा रहिवाशांसाठी राखून ठेवणे घटनेत बसत नाही, असे त्या निकालात सांगितले आहे.

या दोन निकालांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. राज्याला पाहण्याचा अधिकार आहे तो वास्तव्याचा, घराचा. शाळा ही त्या घराची केवळ साक्षीदार आहे. ज्या गावी मूल दहा वर्षे शाळेत गेले त्या गावी त्याचे घर असणार, हे अनुमान बहुधा खरे असते, म्हणून शाळेचा दाखला मागण्याची रीत पडली. पण कालांतराने असे झाले की साक्षीदारच न्यायाधीशाच्या खुर्चीवर जाऊन बसला. घर येथे असो वा नसो, शाळा येथे नसेल तर मूल बाहेरचे, असे ठरू लागले. माझा आक्षेप आहे तो येथे.

प्रत्यक्ष नियम काय म्हणतात? गुजरात सरकारने २०१५ साली मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना सुरू केली. गुजरातमधील शाळेतून उत्तीर्ण झालेला, ८० शततमक मिळविलेला, म्हणजे शंभरांतील ऐंशी जणांच्या पुढे असलेला, आणि ज्याच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न सहा लाख रुपयांच्या आत आहे असा विद्यार्थी इतर अटी पूर्ण करून तिचा लाभ मागू शकतो. त्याच्या घरी कोणती भाषा बोलतात याचा येथे संबंध नाही. आपल्या शाळेतील मुलांना ही योजना आपली वाटत नाही, हे मी दरवर्षी पाहतो. ती आपलीच आहे. उलट हाच विद्यार्थी महाराष्ट्रात शिकावयास गेला तर चित्र पालटते. तेथे अधिवासाच्या दाखल्यासाठी सामान्यतः १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागतात, आणि वैद्यकीय शाखेतील राज्याच्या वाट्याच्या जागांसाठी दहावी व बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातूनच उत्तीर्ण असाव्यात अशी अट, काही अपवाद वगळता, आहे. अभियांत्रिकीचे नियम मात्र अधिक समंजस आहेत. मुलगा बाहेर शिकला असला तरी त्याच्या आईचा किंवा वडिलांचा अधिवास महाराष्ट्राचा असेल तर तो महाराष्ट्राचाच उमेदवार मानला जातो. सीमाभागातील ८६५ गावांतील मराठी भाषक मुलांसाठीही तेथे वेगळी तरतूद आहे. याचा अर्थ असा की नियम करणाऱ्यांना प्रश्न ठाऊक आहे आणि उत्तरही ठाऊक आहे. फक्त ते उत्तर एका खिडकीवर लिहिलेले आहे आणि शेजारच्या खिडकीवर नाही.

अनुसूचित जातिजमातींच्या मुलांची अडचण याहून कठीण. एका राज्यात ज्या जातीची नोंद आहे ती दुसऱ्या राज्यात स्थलांतर केल्यावर तेथील सवलतींसाठी ग्राह्य धरता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली मुंबईतील एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रकरणात दिला. नोकरीनिमित्त स्थलांतर कराव्या लागणाऱ्या कुटुंबांसाठी संसदेने कायद्याचा विचार करावा, असेही न्यायालयाने त्याच वेळी सुचविले. शालान्तोत्तर शिष्यवृत्ती विद्यार्थी मूळ ज्या राज्याचा असेल त्या राज्याने द्यावी, असा नियम आहे. कागदावर तो निर्दोष दिसतो. पण जो मुलगा सुरतेत जन्मला आणि सुरतेतच वाढला, त्याला 'मूळ राज्यात जा' असे सांगितले आणि मूळ राज्याने वास्तव्याचा पुरावा मागितला, तर त्याने जावे कोठे? धोब्याच्या कुत्र्याची म्हण आपण वर्गात हसत हसत शिकतो. पण ती कोणा मुलाच्या नशिबी आली तर त्यात हसण्यासारखे काही नसते.

परदेशातून आलेल्या मुलांविषयी तर आपल्या देशाचे नियमच एकमेकांशी भांडतात. केंद्र सरकार महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दरवर्षी ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या देते. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांसाठी वर्षाला १२,००० रुपये मिळतात आणि उत्पन्नाची मर्यादा साडेचार लाख रुपये आहे. परंतु त्या मंडळवार वाटल्या जातात, आणि आपापल्या मंडळाच्या परीक्षेत ८० शततमकाच्या वर असणाऱ्यांनाच अर्ज करता येतो. आखातातील पुष्कळ भारतीय शाळा केंद्रीय मंडळाशी संलग्न आहेत, त्यांतील मुलांचे एकवेळ निभावते. पण ज्याने विलायती किंवा तेथील स्थानिक परीक्षा दिली, त्याचे नाव आपल्या कोणत्याच मंडळाच्या यादीत येणार नाही. मग तो कितीही हुशार असो आणि त्याच्या बापाची नोकरी सुटून घरात चूल पेटायची पंचाईत असो. याउलट २००६-०७ साली केंद्र सरकारनेच परदेशस्थ भारतीयांच्या मुलांसाठी वर्षाला १०० शिष्यवृत्त्यांची योजना सुरू केली, आणि तीत परदेशात राहून शिकलेले असणे हीच पात्रता ठरविली. एका सरकारी दारावर परदेशी शाळा हा अडसर, तर दुसऱ्या दारावर तीच किल्ली!

तिसरे एक दार मात्र मला आदर्श वाटते, आणि ते आपल्या शहरातच आहे. आपल्या येथील सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेसारख्या राष्ट्रीय संस्थांत निम्म्या जागा त्या त्या राज्यातील विद्यार्थ्यांसाठी असतात, आणि राज्य ठरते ते बारावीच्या शाळेवरून. म्हणून आपल्या शाळेतील मूल तेथे गुजरातचे मानले जाते, ते योग्यच आहे. पण भारतीय नागरिक असलेले मूल बारावी परदेशात उत्तीर्ण झाले असेल तर? त्याचे राज्य पारपत्रावरील कायमच्या पत्त्यावरून ठरवितात. किती साधी तोड आहे ही! शाळेची साक्ष उपयोगी नसेल तेथे थेट घरालाच विचारावे. हा एका ओळीचा नियम प्रवेशासाठी चालतो, तर साहाय्यासाठी का चालू नये?

इतर देशांत काय करतात, तेही पाहू. अमेरिकेत संघराज्याकडून मिळणारे साहाय्य नागरिकत्वावर अवलंबून आहे. अमेरिकेचा नागरिक असलेल्या मुलाने शाळा आपल्या गुजरातेत पुरी केली तरी, त्याचे प्रमाणपत्र तेथील हायस्कूलच्या बरोबरीचे ठरल्यास, तो ते साहाय्य मागू शकतो. तेथील घटकराज्यांची विद्यापीठे मात्र राज्याबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सहसा अधिक शुल्क घेतात. इंग्लंडची कसोटी निराळी आहे. तेथे साहाय्यासाठी सामान्यतः अभ्यासक्रमापूर्वीची तीन वर्षे त्या देशात वास्तव्य असावे लागते; त्यामुळे ब्रिटिश नागरिकाचे मूलही दीर्घकाळ बाहेर राहिल्यास ते मुकते. परंतु बाप तात्पुरत्या नोकरीसाठी बाहेर गेला होता असे सिद्ध झाले तर ती अनुपस्थिती माफ होते. या दोन देशांकडून आपण एकेक गोष्ट घ्यावी. केंद्राने नागरिकत्व पाहावे. राज्याने वास्तव्य पाहावे. आणि पोटासाठी घडलेल्या स्थलांतराला कोणीही अपराध समजू नये.

यावर दोन आक्षेप येतील, आणि ते वजनदार आहेत. पहिला असा की परदेशात राहणारे लोक श्रीमंत; ते तेथे कमावतात, येथे कर देत नाहीत, आणि मुलाच्या फीच्या वेळी मात्र त्यांना देश आठवतो. असे लोक आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यांना रोखण्यासाठी उत्पन्नाची मर्यादा आहेच. परदेशातील कमाईही तीत काटेकोरपणे धरावी. उत्पन्नाची चाळणी असताना शाळेची चाळणी लावली तर श्रीमंत तरून जातो, कारण त्याला साहाय्याची गरजच नसते. आणि अडकतो तो वाळवंटात विटा वाहून परतलेल्याचा मुलगा. यालाच चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. दुसरा आक्षेप गुणांच्या तुलनेचा. परदेशी परीक्षेतील श्रेणी आपल्या टक्केवारीशी कशी ताडून पाहावी? अडचण खरी आहे, परंतु ती सुटण्याजोगी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ साली परकीय संस्थांतील शिक्षणाच्या समकक्षतेविषयी विनियम काढले, त्यांत शालेय शिक्षणाचाही विचार झाला आहे. प्रवेशासाठी जे प्रमाणपत्र समकक्ष ठरते ते शिष्यवृत्तीसाठी निराळे ठरविण्याचे कारण नाही. राष्ट्रीय प्रवेशपरीक्षा तर सर्वांना एकच असते. तिचे गुण हे एक तयार मापच आहे.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. एक, कोणत्याही शिष्यवृत्तीच्या अर्जात शाळेचा पत्ता हा वास्तव्याच्या अनेक पुराव्यांपैकी एक मानावा, एकमेव नव्हे. दोन, जेथे शाळा परदेशात झाली असेल तेथे पारपत्रावरील कायमचा पत्ता ग्राह्य धरावा. तीन, अभियांत्रिकीत आईवडिलांच्या अधिवासाला जी मान्यता आहे ती सर्व शाखांना लागू करावी. आणि चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: नियम कसेही असोत, प्रत्येक भारतीय मुलासाठी निदान एक दार उघडे असलेच पाहिजे. गुजरातने म्हणावे 'हा महाराष्ट्राचा', महाराष्ट्राने म्हणावे 'हा गुजरातचा', आणि मुलाने ऐकावे 'हा कोणाचाच नाही', ही स्थिती एका देशात संभवताच कामा नये. दोन राज्यांनी एकमेकांकडे बोट दाखविले तर निर्णय देण्याची जबाबदारी केंद्राने घ्यावी आणि तोवर मुलाची फी थांबू नये.

विद्यार्थिमित्रांनो, नियम बदलण्यास वेळ लागतो. तुमचे वर्ष मात्र थांबत नाही. तेव्हा जे आपल्या हातात आहे ते आपण चोख करावे. शाळा सोडल्याचा दाखला घेताना नावाचे, जन्मतारखेचे आणि जन्मस्थळाचे प्रत्येक अक्षर तपासून पाहा. एका वेलांटीच्या चुकीपायी पुढे किती हेलपाटे पडतात, ते कचेरीतील कारकुनाला विचारा. घरभाड्याच्या पावत्या आणि विजेची बिले रद्दीत घालू नका. दहा-पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा त्यांतूनच उभा राहतो. जातीचा दाखला मूळ गावच्या कचेरीतून काढावयाचा असेल तर बारावीच्या निकालाची वाट न पाहता दहावीनंतरच्या सुट्टीत ते काम उरका. उत्पन्नाचा दाखला वेळेत नवा करून घ्या. बँकेत स्वतःच्या नावाचे खाते ठेवा. आणि ज्यांची मुले परदेशातून परतली आहेत अशा पालकांनी तेथील गुणपत्रके व शाळा सोडल्याचा दाखला साक्षांकित करून आणावा. समुद्र ओलांडून आल्यावर ते काम चौपट कठीण होते.

पालकांनाही एक विनंती. आपल्या मुलीला 'हे आपल्यासाठी नाही, हे येथल्या लोकांसाठी आहे' असे सांगून अर्ज भरण्यापूर्वीच मागे ओढू नका. ज्या शहरात तुम्ही घाम गाळला, ज्याच्या कापडाला तुमच्या हाताचे रंग लागले, ते शहर तुमचेही आहे. अर्ज फेटाळला गेला तर कारण लेखी मागा. तोंडी नकाराला पुढे अपील नसते. इंदूरच्या त्या विद्यार्थ्याने १९५५ साली खटला हरला खरा, पण त्याने प्रश्न विचारला म्हणून वास्तव्य आणि जन्मस्थान यांतील भेद कायद्याला स्पष्ट करावा लागला. विचारलेला प्रश्न कधी वाया जात नाही.

शाळा मुलाला वर्षानुवर्षे सांभाळते, ती त्याला पुढे पाठविण्यासाठी. तिचे नाव प्रमाणपत्रावर असावे ते अभिमानाची खूण म्हणून. त्या नावामुळेच पुढचे दार बंद होत असेल, तर दोष ना मुलाचा ना शाळेचा. तो नियमाचा आहे, आणि नियम माणसांनी केलेले असल्यामुळे माणसांना ते सुधारता येतात. आज या वर्गांत बसलेल्यांपैकी कोणी उद्या त्या खिडकीच्या आतल्या बाजूस बसेल. समोर अर्ज घेऊन उभ्या असलेल्या मुलाला त्याने आधी विचारावे, 'काय शिकायचे आहे?' शाळेचे नाव नंतर लिहून घेता येईल.